इन्स्टाग्रामवर रीलचे व्ह्यूज परत परत दोनशेवर येऊन अडकतायत? डिलीट करायच्या आधी हे एक बघा

नेहमीची बोंब. तीन-चार रील बरी चालतात, हजार-दोन हजार, एखादं पंधरा हजारापर्यंत जातंय, आपण कॉलर टाईट करून महाद्वार रोडवरनं फिरायला लागतो, आणि एके दिवशी सगळं दोनशे-अडीचशेवर येऊन बसतंय. पुढची पाच रील तिथंच. मग सुरू होतंय, डिलीट कर, परत टाक, हॅशटॅग बदल, अकाउंट पर्सनल कर, परत बिझनेस कर, कुणीतरी सांगितलं म्हणून ॲप काढून परत घाल. हे सगळं मी केलंय, एकदा नव्हे, गेल्या तीन वर्षांत सहा-सात वेळा, आणि दरवेळी वाटायचं की ह्यावेळी आपलं अकाउंट कायमचं मेलं.

आमचं कोल्हापुरात चप्पल लाईनला छोटं दुकान आहे, माल सुभाषनगरातनं येतो, तिथं मामा-मामी घरातच बनवतात. पेज मी चालवतो, आणि काकीच्या चटणीचं पेज पण माझ्याच गळ्यात आहे (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडं चटणी म्हणजे डंकावर कांडलेला कांदा-लसूण मसाला, ताटाच्या डाव्या बाजूची ती नव्हे). दोन्ही पेजना हाच आजार, वरनं लक्षणं तीच, पण आतलं कारण दरवेळी वेगळं निघालं. मी मात्र प्रत्येकाला एकच गोळी देत बसलो होतो, म्हणून गुण येत नव्हता.

तर आधी एकच बघा. अडकलेलं रील उघडा, इनसाइट्समध्ये (त्या रीलचे आकडे दाखवणाऱ्या पानावर) जा, तिथं व्ह्यूजपैकी फॉलोअरचे किती टक्के आणि फॉलोअर नसलेल्यांचे किती टक्के ते दिसतंय. बाकी आकडे नंतर. आमच्या चप्पलच्या पेजवर रील चालतं तेव्हा अनोळखी लोकांचा वाटा सत्तर-ऐंशी टक्के असतो. पडलेल्या रीलला तो तीन-चार टक्के असेल तर समजायचं की रील दाराबाहेर गेलंच नाही, आपल्याच माणसांत फिरून परत आलं. आणि अनोळखी निम्मे-अर्धे आहेत पण एकूण व्ह्यूजच दोनशे, तर भावा, दार उघडं होतं, लोकांना दाखवलं, त्यांनी बघितलं नाही आणि अंगठ्यानं वर ढकलून दिलं. पहिल्यात तुमच्या अकाउंटमध्ये किंवा फाइलमध्ये काहीतरी खोट आहे, दुसऱ्यात व्हिडिओच कंटाळवाणा आहे. हे दोन वेगळे रोग आहेत. मी दोन वर्षं पहिल्याचं औषध दुसऱ्याला देत होतो.

दार बंद असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट स्टेटस उघडा. शोधायला जमत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये टाईप करा, येतंय. तुमचा कंटेंट फॉलोअर नसलेल्यांना सुचवला जाऊ शकतो का नाही, ते तिथं सरळ लिहिलेलं असतंय, आणि एखाद्या पोस्टमुळं अडलं असेल तर ती पोस्टपण दाखवतात. मग एकतर ती काढायची नाहीतर रिव्ह्यू मागायचा. 'शॅडोबॅन झालाय, शॅडोबॅन झालाय' (म्हणजे न सांगता गुपचूप दाबलंय) म्हणून गावभर बोंबलणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी हे पान कधी उघडलेलं नसतंय. मीपण नव्हतं उघडलं.

आमचा घोळ गिव्हअवेचा होता. दिवाळीत हौसेनं रील टाकलं, फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, एक कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) जोड फुकट. फॉलोअर वाढले, कमेंटचा पाऊस, आणि रील बाहेर मात्र जाईना. नंतर बसून इन्स्टाग्रामचे शिफारशींचे नियम वाचले तर त्यात चक्क लिहिलंय की स्पर्धा, गिव्हअवे, लाईक-टॅगची भीक मागणारा कंटेंट अनोळखी लोकांना सुचवायचं ते टाळतात. म्हणजे अशी पोस्ट बंदी घालून काढत नाहीत, फॉलोअरना दिसते, पण वेशीबाहेर जात नाही. मी उत्साहात ओळीनं चार तसलीच टाकली होती. वरनं जिंकलेल्या पठ्ठ्याचा पाय अकरा नंबरचा निघाला, मामाला वेगळा तळ कापायला लागला, त्यांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

स्टेटस हिरवं असेल, सगळं ठीक म्हणत असेल, तरी दार बंद, तर फाइल बघा. ही माझी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात बावळट चूक आहे. मामेभाऊ सुभाषनगरात शूट करायचा आणि क्लिप मला व्हॉट्सॲपवर पाठवायचा. नव्वद एमबीची क्लिप माझ्याकडं सात एमबीची होऊन यायची. फोनच्या छोट्या स्क्रीनवर कळत नाही, पण मी ती एडिटिंग ॲपमध्ये घालून, थोडी झूम करून, परत एक्सपोर्ट करून टाकायचो, इन्स्टाग्राम वरनं अजून दाबायचं, आणि शेवटी वेणीचे पदर दिसायच्या ऐवजी नुसती तपकिरी लापशी दिसायची. धुरकट, कमी रिझोल्यूशनचा व्हिडिओ सुचवण्यात मागं पडतो हे इन्स्टाग्रामनं पूर्वीच सांगितलंय. आता तो क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवतो नाहीतर ड्राइव्हवर टाकतो. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये मीडिया क्वालिटीखाली हायेस्ट क्वालिटीनं अपलोड करायचं बटण आहे, ते चालू करा, बऱ्याच जणांचं बंद असतंय. एवढ्यानं सगळं सुटत नाही, पण हे न करता बाकीचं केलं तर फुटक्या माठात पाणी.

दुसरी भानगड त्याच मामेभावाची. तोच व्हिडिओ तो आधी स्वतःच्या पेजवर टाकायचा, कारण त्यालापण फॉलोअर पाहिजेत, आणि दोन दिवसांनी मी दुकानाच्या पेजवर. एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामनं जाहीर केलंय की तोच व्हिडिओ दोन ठिकाणी सापडला तर शिफारशीत मूळ टाकणाऱ्याचा दाखवणार, आणि ३० दिवसांत १० किंवा जास्त वेळा दुसऱ्याचा माल जसाच्या तसा टाकणारं अकाउंट शिफारशीतनंच बाहेर. म्हणजे आमच्याच चप्पलच्या आमच्याच व्हिडिओला दुकानाचं पेज चोर ठरत होतं, आणि पोरगं खूश की त्याचं पेज कसं वाढालंय. आता कोलॅब करतो, एकच रील, दोघांच्या प्रोफाइलवर दिसतंय, भांडण मिटलं. हाच नियम त्या 'आपलं कोल्हापूर' छापाच्या पेजना लागतो जे रंकाळ्याचा सूर्यास्त कुणाचातरी उचलून टाकतात आणि मग विचारतात रीच का गेला.

दुसऱ्या ॲपचा लोगो कोपऱ्यात नाचत असेल तर तोपण काढा. टिकटॉक आपल्याकडं २९ जून २०२० ला बंद झालं, पण लोगोचा रोग गेला नाही, आता एडिटिंग ॲपचा शिक्का असतो. इन्स्टाग्रामनं २०२१ पासनंच सांगितलंय की असल्या शिक्क्याची रील कमी लोकांपर्यंत जातात.

आणि गाणं. बिझनेस अकाउंटला सिनेमाची गाणी मोकळेपणानं वापरता येत नाहीत, लायब्ररीत फक्त फुकट वापरायचं संगीत असतंय, म्हणून लोक बाहेरनं एडिटमध्ये गाणं घुसडतात आणि मग कधीतरी आवाजच म्यूट होतो. आवाज गेलेलं रील म्हणजे वाजंत्रीशिवाय वरात. आम्ही गाणं सोडूनच दिलं. कोल्हापुरीला स्वतःचा आवाज आहे, करकर. फुकट आहे, आपला आहे.

आता दुसरा रोग, म्हणजे दाखवलं पण बघितलं नाही. इथं मला मामानं शिकवलं, आणि त्यांच्या फोनमध्ये इन्स्टाग्राम नाही.

मी रील असं सुरू करायचो: 'नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत अस्सल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची.' हात जोडून, दुकानासमोर उभारून. इनसाइट्समध्ये लोक किती वेळ थांबले त्याची रेघ असते बघा, ती माझी तिसऱ्या सेकंदाला पन्हाळ्याच्या कड्यावरनं ढकलल्यागत खाली. मी मामाला वैतागून दाखवलं की बघा, लोकांना माहिती नकोच आहे. मामा रापी (कातडं कापायचं हत्यार) घासत होते, वर न बघता म्हणाले, 'गिऱ्हाईक दुकानात आलं की तू त्याला भाषण देतोस का हातात जोड देतोस?' संपलं. गिऱ्हाईक जोड घेतंय, उलटी करून तळ बघतंय, दोन्ही हातांनी वाकवतंय, मग पायात घालून चार पावलं टाकतंय, करकर ऐकतंय, आणि मगच तोंड उघडतंय, 'केवढ्याला?' रीलचा क्रमपण तोच पाहिजे. मी 'केवढ्याला' पासनं सुरू करत होतो.

त्या दिवशी मामी पोत्यावर बसून वेणी घालत होत्या. ओलं कातडं, त्याच्या सुतळीएवढ्या बारीक पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, आणि दोन्ही हातांनी असं खेचायचं की पदर एकावर एक चढून बसतोय. खेचताना एक बारका आवाज येतो, चर्र असा. मामी म्हणाल्या, 'तोंड न्हाई घ्यायचं माझं', मी म्हटलं बरं, आणि फोन वरनं धरून फक्त हात घेतले. सुरुवातीला एक शब्द नाही. चार सेकंद नुसती वेणी आणि तो चर्र, मग स्क्रीनवर एक ओळ, 'ह्यात एकपण खिळा नाही'. त्या रीलची रेघ शेवटपर्यंत जवळजवळ सपाट गेली, लोकांनी दोन-दोनदा बघितलं. नमस्कार मंडळी कायमचं बंद.

काकीच्या चटणीला हेच केलं. आधी काकी बरण्या मांडून बसायची आणि साहित्य सांगायची. आता रील डंकाच्या पहिल्या ठोक्यावर सुरू होतं, लाल धुरळा उडतोय, आणि मागं कुणीतरी शिंकतंय. शिंक मुद्दाम ठेवलीय. काकीला आवडली नाही, म्हणते लोकांना वाटेल घाण आहे, तिचं पण खरं असेल, पण ज्यानं आयुष्यात एकदा डंकाजवळ उभं राहून बघितलंय त्याला ती शिंक ओळखीची वाटतेच.

थांबणं झालं, आता पाठवणं. इन्स्टाग्रामचा प्रमुख ॲडम मोसेरी यानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की रँकिंगमध्ये तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन, किती वेळ बघितलं, किती जणांनी लाईक केलं, आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. त्यातपण लाईक हे फॉलोअरमध्ये जास्त चालतंय आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पाठवणं जास्त महत्त्वाचं. म्हणून मी आता शूट करायच्या आधी एकच विचार करतो, हे कोण कुणाला पाठवेल. 'आमच्याकडं उत्तम प्रतीची चटणी मिळेल' हे कोण कुणाला पाठवणार, काकीची बहीणसुद्धा नाही पाठवणार. पण 'पावसाळ्यात चटणीला जाळी धरू नये म्हणून बरणीत खडा हिंग कसा ठेवायचा' हे पुण्यातल्या एका सुनेनं दुसऱ्या सुनेला पाठवलं, तिनं आईला, आणि ते रील अजून चाललंय. त्यात आम्ही चटणी घ्या असं कुठं म्हटलंपण नाही.

आता जे सगळ्यात उशिरा कळलं ते. कधीकधी दोन्ही ठीक असतंय, फाइल चांगली, व्हिडिओ चांगला, तरी पडतंय, कारण आपण चुकीची माणसं गोळा करून ठेवलीत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा ह्या इटलीच्या कंपनीचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले, कोल्हापूरचं नाव नाही, आणि इकडं भडका उडाला. पुढं प्राडानं प्रेरणा भारतीय चपलेचीच असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊनपण गेली. त्या आठवड्यात मी तावातावानं एक रील टाकलं, की कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार, मग हे नाव न घेता कसं चालतंय. फुटलं. आठ दिवसांत आधीच्या सगळ्या फॉलोअरपेक्षा जास्त फॉलोअर आले. मी सुभाषनगरात पेढे वाटले.

आणि नंतरचे तीन महिने मरण. ती माणसं भांडण बघायला आली होती, चप्पल बघायला नव्हे. पुढचं रील वेणीचं, त्यांनी ढकललं. त्यापुढचं पॉलिशचं, ढकललं. आपलेच फॉलोअर आपलं रील एका सेकंदात ढकलायला लागले की ॲपला काय कळणार, त्याला वाटतंय रीलच बेकार आहे. विकत घेतलेल्या फॉलोअरचं पण हेच, फक्त तिथं पैसेपण जातात. एकानं मला दोन हजारात दहा हजार देतो म्हणून गळ घातली होती, आणि काकीच्या पेजसाठी मी घेतलेपण थोडे, आता लपवून काय करू. प्रोफाइल उघडून बघितले तर एकाचापण फोटो नाही, नावं अशी की मांजर कीबोर्डवर चालून गेलंय. हातानं एकेक काढले, चार रात्री गेल्या.

प्राडावाली माणसं मात्र काढली नाहीत, ती खरी माणसं आहेत. त्यांच्यावर उपाय ट्रायल रील. हे डिसेंबर २०२४ ला आलं, रील टाकताना ट्रायलचा पर्याय चालू केला की ते फॉलोअरना न दाखवता आधी अनोळखी लोकांना दाखवतात, आणि चांगलं चाललं तर नंतर सगळ्यांना दाखवता येतंय. तुमच्या प्रोफेशनल (बिझनेस किंवा क्रिएटर) अकाउंटला पर्याय दिसत असेल तर महिनाभर तेच वापरा. आम्ही एकाच व्हिडिओच्या दोन-तीन सुरुवाती करून ट्रायलला टाकल्या, एकीत करकर, एकीत रापीनं कातडं कापताना, एकीत मामाचा हात. कापायचं रील मला सगळ्यात भारी वाटत होतं, ते सगळ्यात आधी मेलं. हळूहळू जी माणसं चपलेसाठी थांबतात ती यायला लागली.

उगाच वेळ घालवू नका अशा गोष्टी आता पटकन सांगतो. डिलीट करून परत टाकणं, यानं काहीही होत नाही, उलट एखादं रील दहा-पंधरा दिवसांनी उठतंय, ते पण मारून टाकता. अकाउंटचा प्रकार इकडून तिकडं करणं, माझा तरी एकदापण फायदा झाला नाही. हॅशटॅगची शेपटी, मोसेरीनंच कितीतरी वेळा सांगितलंय की त्यानं रीच फारसा वाढत नाही. त्यापेक्षा कॅप्शनमध्ये माणूस जे शोधेल ते साध्या शब्दात लिहा, 'कोल्हापुरी चप्पल, पुरुष, आठ नंबर, बिनखिळ्याची', मराठीत आणि इंग्रजी लिपीत दोन्ही, कारण १० जुलै २०२५ पासनं प्रोफेशनल अकाउंटच्या सार्वजनिक पोस्ट गुगलमध्येपण दिसू शकतात. वेळेचं म्हणाल तर संध्याकाळी सात का आठ ह्यावर लोक मारामारी करतात, आम्ही दुकान बंद करून साडेनऊला टाकतो, कारण त्याआधी हात मोकळा नसतो.

आणि सीझन. हे आमच्या धंद्याचं आहे, तुमचं वेगळं असेल, पण मागच्या वर्षीचे त्याच महिन्याचे आकडे काढून बघा. जून ते ऑगस्ट चामड्याची चप्पल कोण घालतंय, पंचगंगा पात्राबाहेर आलेली असताना कोण कुणाला वेणीचं रील पाठवणार. दोन वर्षं दर जुलैला मी अकाउंट मेलं म्हणून रडलो आणि दर ऑक्टोबरला ते आपोआप जिवंत झालं.

आत्ता पण जुलैच आहे. कालचं रील २१२ वर. सवयीनं बोट डिलीटवर गेलं होतं. मग इनसाइट्स उघडल्या, अनोळखी ५८ टक्के, स्टेटस हिरवं, रेघ सहाव्या सेकंदाला पडलीय जिथं मी मध्येच बोलायला लागलोय. तेवढं बोलणं कापून परवा ट्रायलला टाकतो. आणि सकाळी एक गिऱ्हाईक भिजलेली जोड पिशवीत घालून घेऊन आलं, गॅसजवळ वाळवून कडक केलेली, पार पापड. मामा त्याला सांगत होते सावलीत वाळवायची, आग-ऊन दाखवायचं नाही, सुकली की तेलाचा हात फिरवायचा, आणि बोलता बोलता तो पापड दोन्ही हातांनी हळूहळू वाकवत होते. मी गल्ल्यामागनं फोन काढला आणि हातांवर धरला.